आठ पानी बोंबील

आमचे हे तारापूरच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे दर हंगामाला नव्या रंगांची शेडकार्डं निघतात. जाड, गुळगुळीत कागदावर कापडाचे बोटभर तुकडे चिकटवलेले असतात आणि हंगाम सरला की ती रद्दीत जातात. एकदा ह्यांनी पिशवीभर शेडकार्डं घरी आणली आणि म्हणाले, "कपाटाच्या खणात अंथरायला होतील."

आम्ही मूळचे कराडकडचे. पालघरला येऊन वीस वर्षं झाली होती, मुलगी नुकतीच पुण्याला शिकायला गेली होती आणि माझ्या दुपारी एकदम रिकाम्या पडल्या होत्या. मी एका कार्डावरचे कापडाचे तुकडे वाफेवर सोडवले आणि खालच्या कागदाला सहज म्हणून घडी घातली. घडी इतकी सुरेख बसली की कपाटाचे खण तसेच उघडे राहिले.

मग मी मोबाईलवर बघून बघून शिकले. उघडल्यावर आतून फूल उभं राहणारं कार्ड, पेटीच्या भात्यासारखं लांबत जाणारं कार्ड, गोधडीच्या दोऱ्याने शिवलेली तळहाताएवढी वही. घडी दाबायला एक हाडाची पट्टी मिळते म्हणे. मी नारळाच्या करवंटीचा तुकडा जमिनीवर घासून घासून गुळगुळीत केला आणि त्यावर भागवलं. सगळ्यात आवडली ती एका कागदाची आठ पानी पुस्तिका. कागदाला आठ घरं पडतील अशा घड्या घालायच्या, मधोमध दोन घरांपुरता एकच काप घ्यायचा, कागद लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलायची. शिवण नाही, गोंद नाही, आणि हातात पुस्तक.

हे सगळं मी शहाण्यासारखं वाढदिवसांपुरतं ठेवायला हवं होतं. पण ह्यांच्या खात्यातले स्टोअरकीपर निवृत्त झाले तेव्हा ह्यांनीच कार्ड करायला सांगितलं. ते गृहस्थ कधीही जागेवर सापडत नसत, गेटाबाहेरच्या टपरीवर सापडत, असं मी ह्यांच्याच तोंडून दहा वर्षं ऐकत होते. म्हणून मी कार्डाच्या आत चहाची किटली केली. कार्ड उघडलं की किटली उभी राहायची आणि तिच्यामागून चष्म्यातला एक माणूस डोकावायचा. निरोप समारंभात ते कार्ड मॅनेजरसाहेबांनी उघडलं. सगळा हॉल हसला, स्टोअरकीपरही हसले, फक्त आमचे हे हसले नाहीत. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "ह्यापुढे माझ्या कारखान्यातल्या कुणालाही कार्ड करायचं नाही. जे काय करायचं ते सोसायटीत कर."

त्यांनी सांगितलं म्हणून मी सोसायटीत केलं. हे मी त्यांना नंतर अनेकदा ऐकवलं आहे.

आमची इमारत माहीम रोडला आहे. तीन मजले, बारा घरं, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी काका राहतात. अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. एक निळं, एक लाल. सूचना निळ्या शाईत लिहायची आणि तिच्यातले महत्त्वाचे शब्द लालने अधोरेखित करायचे, ही त्यांची पद्धत. प्रत्येक सूचनेला क्रमांक असायचा. चपलांबाबत, पापड वाळत घालण्याबाबत, गच्चीच्या किल्लीबाबत, आणि एक तर सूचनाफलकावर रेघोट्या मारू नयेत याबाबत.

एके दिवशी फलकावर नवी सूचना लागली. जिन्यात पाणी सांडते व वास येतो, सबब मासळी विक्रेत्यांनी इमारतीत प्रवेश करू नये. "वास" या शब्दाखाली दोन लाल रेघा होत्या.

आमच्या इमारतीत मासळी विकायला येणारी एकच बाई होती. जवळच्या माहीम गावची मावशी. साठीची, काटक, डोक्यावर निळा प्लास्टिकचा टब. घाटावरून आलेली मी, मला मासे खायला तिनेच शिकवलं. पहिल्या वर्षी मी बोंबील धुताना इतका रगडला की हातात काही उरलंच नाही, तेव्हा ती जिन्यात बसून डोळे पुसेपर्यंत हसली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आत येऊन साफ करून दाखवून गेली होती. तिला वाचता येत नव्हतं. सूचना मीच वाचून दाखवली.

"मंग आता?" तिने विचारलं.

"आता काही नाही. तू येत राहा."

"तो म्हातारा वरडंल."

"ओरडू दे."

त्या दुपारी मी बसले आणि एक आठ पानी पुस्तिका केली. मुखपृष्ठावर लिहिलं, "सोसायटीच्या सुधारित सूचना". आत एकेका पानावर एकेक सूचना. जिन्यात श्वास घेताना तो मोजून घ्यावा. शिंक आल्यास आधी लेखी अर्ज करावा. चपलांनी रांगेत उभे राहावे व आपसात बोलू नये. पापडांनी उन्हाची परवानगी घेऊन मगच वाळावे. मासळीने स्वतःच्या पायांनी जिना चढू नये. आणि मधलं पान उघडलं की करड्या शेडकार्डाचा एक बोंबील आ वासायचा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळं डाव्या हाताने लिहिलं. निळ्या शाईत लिहिलं, आणि भलतेच शब्द लालने अधोरेखित केले.

मावशीला आधी दाखवली. तिने ती दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली. मग म्हणाली, "दात कुटं हायत?"

"कुणाचे?"

"बोंबलाचे. त्याचं तोंड उघडून बघितलं नाय कदी? सुईवानी दात असतात त्याला. ह्यो बोंबील नाय, ह्यो बोळका म्हातारा हाय."

मी दात कापले. मग तशा सहा पुस्तिका केल्या आणि पहाटे दूध येऊन गेल्यावर सहा दारांच्या कड्यांना, दुधाच्या पिशव्यांमध्ये खोचून आले. एक सेक्रेटरी काकांच्याही दाराला. त्यांना वगळलं असतं तर बरं दिसलं नसतं.

नऊ वाजेपर्यंत सगळ्या इमारतीने ती वाचली होती. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर जिन्यात उभे राहून ती मोठ्याने वाचत होते. शेजारच्या बाईने मला हाताला धरून आत नेलं आणि "ही बघितलीत का?" म्हणून माझीच पुस्तिका मला दाखवली. मी कपाळाला आठ्या घालून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हटलं, "कुणाला एवढा वेळ असतो कोण जाणे."

दुपारपर्यंत सेक्रेटरी काकांनी घरोघर जाऊन त्या गोळा केल्या आणि संध्याकाळी नवी सूचना लागली. निनावी पुस्तिका वाटणाऱ्या व्यक्तीचा कसून शोध घेण्यात येत आहे. "कसून" खाली दोन रेघा.

इथे थांबले असते तर प्रकरण संपलं असतं. पण "कसून" हा शब्द मला दिवसभर गुदगुल्या करत राहिला. मी दुसरी पुस्तिका केली, "कसून शोध घेण्याच्या पद्धती". ही मावशीने टबातून नेऊन कड्यांना खोचली. वर केळीचं पान, खाली पापलेटं, आणि मधे प्लास्टिकच्या पिशवीत सहा पुस्तिका. सूचनेप्रमाणे तिने इमारतीत पाऊलही टाकायचं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. पिशवीला बारीकसं भोक होतं हे आम्हाला नंतर कळलं. लोकांनी त्या पुस्तिका दोन बोटांत धरून वाचल्या, पण वाचल्या.

मग विशेष सभा बोलावली गेली. आदल्या दिवशी सेक्रेटरी काका आमच्या दारात आले.

"ताई, चौकशी समिती नेमतोय. डॉक्टर, मी आणि तुम्ही."

"मी कशाला काका?"

"तुम्ही गंभीर स्वभावाच्या आहात. बाकीच्यांना ह्यात गंमत वाटते आहे."

आमचे हे मागे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर हलायला लागला. काका गेल्यावर ह्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "आता तरी कबूल कर."

"समितीत घेतल्यावर कसं कबूल करू? त्यांना वाईट वाटेल."

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. काकांनी सगळ्यांना कागदाचं एकेक चिटोरं वाटलं आणि सांगितलं, "पुस्तिका कोण करतं हे माहीत असेल तर नाव लिहा. नसेल तर 'माहीत नाही' लिहा. सही नको. चिठ्ठी दुमडून ह्या डब्यात टाका." डबा त्यांच्या घरचा, पोह्यांचा होता. मी डाव्या हाताने "माहीत नाही" लिहिलं, चिठ्ठी दुमडली, डब्यात टाकली आणि समितीच्या खुर्चीत जाऊन बसले. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते.

काकांनी डबा टेबलावर उपडा केला. चिठ्ठ्या पसरल्या. कुणी चुरगळून टाकली होती, कुणी सुरळी केली होती, कुणी तिरकी दुमडली होती, डॉक्टरांची तर अर्धी उघडलेलीच होती. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक चिठ्ठी सपाट पडली होती. कोपऱ्याला कोपरा, कडेला कड, घडीवरून नख फिरवलेलं. चार घड्या, आणि चारही सुरीने आखल्यासारख्या. मी ती कधी घातली हे मला आठवतही नव्हतं. हात आपलं काम करून मोकळा झाला होता.

काकांनी ती उचलली. उघडली, "माहीत नाही" वाचलं, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. घडीवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र मानेमागे ऊन लागावं तसं होत होतं. मग त्यांनी ती चिठ्ठी दोन पेनांच्या मागे खिशात ठेवली, बाकीच्या वाचल्या आणि उभे राहिले.

"निष्कर्ष निघालेला नाही," ते म्हणाले. "सभा संपली."

पुढचे आठ दिवस माझे फार वाईट गेले. जिन्यात काका भेटले की मी "काय काका, बरं आहे ना?" म्हणायचे, ते "बरं आहे" म्हणायचे आणि जायचे. फलकावर काही नाही. ह्यांनी एकदा सुचवलं की आपण उमरोळीला फ्लॅट बघू, तिकडे स्वस्त असतात. मी रागावले, पण मनात येऊन गेलं. करवंटीचा तुकडा मी डाळीच्या डब्यात लपवला होता.

नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. काका उभे होते, काखेत फाईल. आत येऊन बसले, पाणी प्याले, फाईल उघडली. माझ्या दोन्ही पुस्तिका त्यात व्यवस्थित लावलेल्या होत्या. दुसरीला अजून पापलेटाचा वास होता.

"पान चार," ते म्हणाले. "'परवानगी' मधला 'गी' दीर्घ असतो, तुमची वेलांटी चुकलीय. पान सहा, 'पद्धत' मध्ये द ला ध जोडायचा, तुम्ही उलट जोडलाय."

"डाव्या हाताने लिहिलं होतं काका," मी म्हटलं आणि जीभ चावली.

"ते दिसतंय. आणि सभेत चिठ्ठीच्या घडीवर नख फिरवणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात." मग त्यांनी फाईलच्या खालून कागदांचा एक चोळामोळा काढून टेबलावर ठेवला. सात-आठ कागद, घड्याच घड्या, मधे वेडेवाकडे काप. "हे मी केलं. आठ दिवस करतोय. पानं उलटी येतात. एक पान तर येतच नाही. काप कुठे घ्यायचा ते सांगा."

मी त्यातला एक कागद उलगडून बघितला.

"अकरा वर्षं सूचना लिहितोय," ते म्हणाले. "एक माणूस थांबून वाचत नाही. तुमची पुस्तिका दोन तासांत बारा घरांनी वाचली. डॉक्टरांना तर पाठ आहे. सोसायटीचे नियम असे करून वाटले तर?"

मी डाळीच्या डब्यातून करवंटी काढली. पण शिकवण्याआधी अट घातली, मासळीची सूचना फलकावरून उतरली पाहिजे. काकांनी मान हलवली. "तो विषय वेगळा आहे ताई. माझ्या दारासमोर रोज पाण्याचं थारोळं असतं. रोज. बाकी कुठल्याही दारासमोर नसतं, फक्त माझ्या. हा काय प्रकार आहे?"

तेवढ्यात मावशीच आली. काकांना आमच्या हॉलमध्ये बघून टबासकट दारातच थांबली. काकांनी तिला तोच प्रश्न विचारला.

मावशीने टब खाली ठेवला. "बाबा, तुमच्या दारात पानी सांडतं, कारन तुमची बायको रोज एक एक मासा उचलून बघते. वीस मिनटं बघते. बरफ बाजूला सारते, मासा उलटा करते, डोळं बघते, परत ठेवते. दुसऱ्या दारात मी दोन मिनटं थांबते. तितं पानी कसं सांडंल?"

काकांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "आमच्याकडे मासे बुधवारी आणि रविवारी असतात. ते मी स्टेशनजवळून आणतो."

"रईवारचं तुमी आनता," मावशी म्हणाली. "बुदवारचं मी देते. बुदवारी तुमी आनलेलं ती मला इकते परत. म्हनते, ताजं नसतं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. वळून बघितलं तर ते खिशातलं लाल पेन काढून, टोपण उघडून, पुन्हा बंद करत होते. संध्याकाळपर्यंत सूचना फलकावरून उतरली. काकूंशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पुढच्या बुधवारी पहिल्या मजल्याच्या दाराबाहेर एक गोणपाट अंथरलेलं होतं.

काकांना मी शिकवलं आणि महिनाभरात पस्तावले. ते माझ्यापेक्षा चांगल्या घड्या घालायला लागले. ते स्टीलची पट्टी आणि गुण्या वापरतात, अर्ध्या मिलिमीटरचं बोलतात. सोसायटीच्या नियमांची पुस्तिका आम्ही दोघांनी मिळून केली. मजकूर त्यांचा, चित्रं माझी. गच्चीच्या किल्लीच्या पानावर मी एक माणूस केला होता, पान उघडलं की तो किल्ली शोधायला खिसे उलटे करायचा. त्याच्या खिशाला दोन पेनं होती. काकांनी ते बघितलं आणि बाराही प्रतींवर त्या माणसाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने थोडे जास्त केस काढले.

मग मावशीने तिची मागणी सांगितली. तिला कार्ड हवं होतं, होडीचं. उघडल्यावर तिच्या दिराची होडी उभी राहिली पाहिजे. मी तीन वेळा केली, तिन्ही वेळा तिने परत दिली. एकदा म्हणाली ही बुडंल, एकदा म्हणाली ही कागदाची हाय. शेवटी काका म्हणाले, "प्रत्यक्ष माप घेतल्याशिवाय होणार नाही."

म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं टमटमने माहीमला गेलो. किनाऱ्यावर मावशीच्या दिराची होडी ओढून ठेवलेली होती. काकांनी फीत काढली, मी वहीत आकडे लिहू लागले. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत... काका असले शब्द कुठून तरी वाचून आले होते, आणि मावशी त्यातले निम्मे शब्द चुकीचे ठरवत होती. जरा वेळाने आजूबाजूला माणसं जमली. जाळी विणणारे दोघेतिघे उठून आले, बोंबील वाळत घालणाऱ्या बायका बांबूच्या वलांडीपासून इकडे बघू लागल्या. एकाने मावशीला विचारलं, "कोन हायत हे?"

मावशीने तोंडावरची माशीही हलू दिली नाही. "सरकारी मानसं हायत," ती म्हणाली. "नीट बोला त्यांच्याशी."

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या खिशाला दोन पेनं, हातात फीत, डोळ्यावर चष्मा. कुणालाही खरं वाटलं असतं. पुढच्या पाच मिनिटांत काकांभोवती घोळका झाला. धक्क्याकडच्या दिव्याचं, रस्त्याच्या खड्ड्याचं, बर्फाच्या गाडीचं, सगळं एकदम सुरू झालं. आणि काका, ज्यांचं लिहिलेलं आयुष्यभर कुणी वाचलं नव्हतं, त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, नवं पान काढलं आणि वर लिहिलं, "तक्रार क्रमांक एक".

"काका," मी हळूच म्हटलं, "आपण होडीसाठी आलोय."

"एकेकाने बोला," ते लोकांना म्हणाले.

सातव्या तक्रारीला मला राहवेना. मी मावशीला कोपराने ढोसलं आणि तिने पदर तोंडाला लावून खरं काय ते सांगून टाकलं. मग तिचा दीर, सत्तरीचा काळाकभिन्न माणूस, पुढे आला आणि त्याने काकांना विचारलं, "मंग लिवलं कशाला?"

काका म्हणाले, "लिहून ठेवलेलं बरं असतं. मी ग्रामपंचायतीला नीट अर्ज करून देतो, सह्या तुम्ही करा."

दिराने वळून घरच्यांना चहा टाकायला सांगितलं. त्या अर्जाचे दोन मसुदे झाले, तिसऱ्यावर सह्या झाल्या. दिवा पावसाआधी लागला. बाकी सहा गोष्टींचं अजून काही झालेलं नाही, पण काका दर पंधरा दिवसांनी माहीमला जातात आणि स्मरणपत्रं लिहून येतात.

होडीचं कार्ड मी चौथ्यांदा केलं. डोलकाठी उभी राहिली, नाळ वर आली, बाजूला सुतळीचं बारीक जाळं लोंबलं. मावशीने ते उघडून टबाच्या कडेवर ठेवलं, लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं.

"आता हाय," ती म्हणाली, आणि मला विचारलं की ह्याला पानी लागलं तर काय होईल.